देवाला कोणी केलं? मुलांच्या "आधी कोण?" या प्रश्नाला तुम्ही काय सांगता?

माजघर · शनिवार, रात्री १०:१५

दोन दिवस मनाला लागून राहिलंय म्हणून लिहितेय. परवा संध्याकाळी देवापाशी दिवा लावला. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. शुभंकरोति म्हणून झालं आणि तिने विचारलं, "आई, सगळं देवाने केलं ना? मग देवाला कोणी केलं?" मी म्हटलं, देवाला कोणी करत नाही, तो असतोच. "कधीपासून?" पहिल्यापासून. "पहिल्याच्या आधी?" कुकर शिट्ट्या मारत होता, सासूबाईंना गोळ्या द्यायच्या होत्या. मी म्हणून गेले, "असले प्रश्न विचारायचे नाहीत. देव रागावतो."

रात्री विरजण लावत होते. ती ओट्याला टेकून बघत होती. कोमट दुधात चमचाभर दही घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं. तिने हळूच विचारलं, "हे दही कशाचं लागलं?" कालच्या दह्याचं. "आणि कालचं?" परवाच्या. "आणि परवाचं?" तेरवाच्या. मग ती थांबली. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, तो गिळला आणि झोपायला गेली.

सात वर्षांच्या मुलीला मी प्रश्न गिळायला शिकवला, हे मला सहन होत नाहीये. तुमच्या घरात हे प्रश्न आले तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? ज्याला जे माहीत आहे ते सविस्तर लिहा, मला खरंच हवंय.

---

सायलोणी · रात्री १०:५२

ताई, दह्याचा प्रश्न सुटतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून आधी तोच घेते.

दह्याला दही लागतं ही आपली घाई आहे. खरं तर लागतात ते जिवाणू, आणि ते दह्याच्या आधीपासून जगात आहेत. कच्चं दूध उबेत तसंच ठेवलं तर भांड्यातले, हवेतले, गाईच्या सडावरचे जिवाणू ते आंबवतात. कधी ते नासतं, कधी नीट लागतं. ज्या दिवशी नीट लागलं त्या दिवशी कुणीतरी त्यातलं चमचाभर राखून ठेवलं असणार. दह्यातला प्रसिद्ध जिवाणू लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. स्टॅमेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्याने तो १९०५ साली जिनिव्हात शोधला. बल्गेरियातल्या संशोधकांना तो पुढे झाडापानांवरही सापडला.

लेकीला दाखवायचं असेल तर घरी करा. दूध उकळून कोमट होऊ द्या, देठासकट दोन हिरव्या मिरच्या त्यात बुडवा, झाकून उबेला ठेवा. दहा-बारा तासांनी दही लागतं. पहिलं पातळ होतं, त्याचंच पुन्हा लावलं की सुधारतं. (ही युक्ती फार जुनी नाही बरं का. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि दधि तर ऋग्वेदात आहे. पहिलं विरजण मिरचीचं नव्हतं एवढं नक्की.)

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की साखळी दह्यातून दह्यात अशी कायम मागे जात नाही. एका ठिकाणी ती दही नसलेल्या गोष्टीला जाऊन मिळते.

---

खुराडं · रात्री ११:२०

आम्ही दापोलीकडचे. आत्ता माझ्याकडे एक कोंबडी खुडूक बसलीय. टोपलीत भाताचा पेंढा, त्यावर अकरा अंडी. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, बाकी पिसं फुगवून बसलेली. हात नेला की टोचते. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंडं टॉर्चवर धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मधे एक काळा ठिपका हलतो. एकविसाव्या दिवशी पिल्लू आतून चोच मारतं. हे बघितलेला प्रत्येक पोर विचारतो, पहिली कोंबडी कुणी उबवली. माझ्या पुतण्यानेही विचारलं.

मी त्याला रानात नेऊन रानकोंबडा दाखवला. आपल्या सह्याद्रीतला करडा. घरच्या कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, आग्नेय आशियाकडच्या. पण गावठी कोंबडीचे पिवळे पाय बघा. तो पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आलाय, हे जनुकं तपासून सिद्ध झालंय. म्हणजे आमच्या खुराड्यात दोन रानं एकत्र झालीत. पुतण्याला हे फार आवडलं. त्याने लगेच विचारलं, रानकोंबड्याच्या आधी कोण? मी म्हटलं दुसरा एखादा पक्षी, त्याच्या आधी पक्षी नसलेलं काहीतरी. तो म्हणाला, मग अंडं आधी.

---

अळूवडी · रात्री ११:४१

पुतण्या बरोबर आहे. डायनोसॉर अंडी घालत होते, कोंबडीचा तेव्हा पत्ता नव्हता. २०१० साली ब्रिटनमधल्या संशोधनावरून "कोंबडीच आधी" अशा बातम्या छापून आल्या होत्या, कारण कवच घडवणारं एक प्रथिन कोंबडीच्या शरीरातच तयार होतं. पण तशीच प्रथिनं इतर पक्ष्यांतही आहेत, त्यामुळे त्या मथळ्यांना अर्थ नव्हता.

---

वीरगळ · रविवार, सकाळी ७:०५

अंडं आधी हे मान्य, पण "कोंबडीचं अंडं" म्हटलं की वाद पुन्हा उभा राहतो. आणि तो कोंबडीचा वाद नाही, आपल्या शब्दाचा आहे.

मी शिलालेख बघत फिरतो, तिथलं उदाहरण देतो. पहिलं मराठी बोलणारं मूल कोणतं? त्याची आई प्राकृत बोलत होती आणि मूल मराठी बोलायला लागलं असं कधी झालंच नाही. प्रत्येक आईला आपल्या लेकराचं बोलणं कळत होतं. तरीही हजार-बाराशे वर्षांच्या दोन टोकांना उभं राहिलं तर भाषा वेगळी आहे. पहिला मराठी शिलालेख श्रवणबेळगोळचा "श्रीचावुण्डराजें करवियलें" की अलिबागजवळच्या आक्षीचा, यावर अभ्यासक भांडतात, आणि ते भांडण योग्यच आहे, कारण दगडाला तारीख असते. बोलण्याला नसते. पहिली कोंबडी आणि पहिला मराठी माणूस हे दोघे एकाच कारणाने सापडत नाहीत.

---

सांडशी · सकाळी ८:३०

आमचं घर लोहाराचं, साताऱ्याकडचं. आता भाता बंद आहे, पण ऐरण अजून अंगणात आहे. लहानपणी आजोबांना विचारलं होतं, "आबा, ऐरणीवर हातोडा घडतो, मग पहिला हातोडा कुठल्या हातोड्यानं घडवला?" आबा शाळेत गेले नव्हते. त्यांनी घण खाली ठेवला, ओढ्यातला एक वाटोळा गोटा उचलून आणला, एक तापलेली खिळ्याची सळई दुसऱ्या दगडावर धरली आणि गोट्यानं ठोकून तिला टोक काढून दाखवलं. वेडंवाकडं, पण टोक. म्हणाले, "असा. मग त्यानं ह्यो."

मी त्या दिवशी कामाला लागलो असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही लेकीला देव रागावतो म्हणालात, ते आठवू नका. ते दही करून दाखवा. दाखवलेलं राहतं.

---

घाणा_अलिबाग · सकाळी ९:१२

सांडशीदादा, तुमचं टोपणनाव वाचून अंगावर काटा आला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे शनवार तेली, आता मुलाकडे इस्राएलमध्ये अश्दोदला असते. आमच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथातल्या पिरके अवोत या भागात एक यादी आहे. सृष्टीचं काम संपून पहिला शब्बाथ (विश्रांतीचा शनिवार) लागायच्या आधी, संधिप्रकाशात, देवाने दहा गोष्टी केल्या. त्या यादीच्या शेवटी लिहिलंय की काहींच्या मते सांडशीनेच घडणारी सांडशीसुद्धा त्याच वेळी केली. तापलेलं लोखंड धरायला सांडशी हवी, आणि सांडशी घडवायलाही लोखंड धरावं लागतं, मग पहिली कुठून आली? त्या लोकांनी ही अडचण देवाच्या हवाली केली. तुमच्या आबांनी ओढ्यात जाऊन गोटा आणला. मला दोन्ही जवळचे वाटतात.

---

गाभारा · सकाळी १०:०३

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून आहे. मुलीला सांगा, देव स्वयंभू आहे. हा शब्द ती देवळात ऐकतेच. स्वयंभू पिंडी म्हणजे कुणी घडवली नाही, सापडली. प्रत्येक गोष्ट कुणीतरी केली पाहिजे असा नियम लावत गेलो तर कुठेच थांबता येणार नाही. कुठेतरी एक न केलेलं मानावंच लागतं, त्याला मी देव म्हणतो. यात मुलाला फसवणं नाही.

---

अनेकांत · सकाळी १०:४०

गाभारा, न केलेलं काहीतरी मानायचंच तर जगच का मानू नये? आमच्या घरात हेच शिकवलं जातं. जैन दर्शनात विश्व अनादि आहे, त्याला कर्ता नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात कर्तावाद्यांना सरळ प्रश्न घातलेत. सृष्टीच्या आधी तो कर्ता कुठे होता? सामग्रीशिवाय त्याने जग कसं घडवलं? सामग्री आधी केली म्हणाल, तर ती कशातून केली? राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानत होता, ते जिनसेन. म्हणजे हे प्रश्न कोपऱ्यात कुजबुजलेले नव्हते.

---

गाभारा · सकाळी ११:१५

प्रश्न तोलाचे आहेत, मान्य. पण "अनादि" म्हटल्यानेही माजघर ताईंच्या लेकीचं समाधान होईल असं वाटत नाही. ती विचारणार, अनादि का आहे?

---

अंकुर · दुपारी १२:२०

आपल्या शास्त्रांनी याला उत्तर दिलेलं आहे, त्याला बीजांकुरन्याय म्हणतात. बी आधी की अंकुर आधी हे सांगता येत नाही, कारण प्रवाहच अनादि आहे. कर्म आणि देह यांच्या बाबतीत शंकराचार्य हेच उदाहरण देतात. विषय तिथेच मिटतो.

---

जुना_पंतोजी · दुपारी २:१०

अंकुर, विषय मिटत नाही हो. शंकराचार्यांच्या परंपरेतलेच गौडपाद आपल्या कारिकांत बजावतात: "बीजाङ्कुराख्यो दृष्टान्तः सदा साध्यसमो हि सः". बीजांकुराचा दाखला स्वतःच सिद्ध व्हायचा बाकी आहे. जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून पुढे केलं, असा त्याचा अर्थ. ही टीका घरातूनच आलेली आहे, म्हणून जास्त मोलाची.

आता माजघर ताईंसाठी. मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. तुमची पोस्ट वाचल्यावर मला एकच बाई आठवली. गार्गी वाचक्नवी.

बृहदारण्यक उपनिषदातली गोष्ट. जनकाने यज्ञ मांडला होता. हजार गाई उभ्या केल्या होत्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलेलं. सर्वांत मोठा ब्रह्मज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात. याज्ञवल्क्याने शिष्याला सांगितलं, हाक. सगळे चिडले आणि एकेक जण प्रश्न विचारायला उठला. गार्गीचा प्रश्न विणकामाच्या भाषेतला आहे. हे सगळं पाण्यात ओत आणि प्रोत आहे, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांसारखं विणलेलं आहे, तर पाणी कशात विणलेलं आहे? (आपण "आनंदाने ओतप्रोत" म्हणतो तो हाच शब्द. आपल्याला त्यातला माग दिसत नाही.) तो म्हणाला, वायूत. वायू कशात? अंतरिक्षात. ती एकेक पायरी चढत गेली: गंधर्वलोक, सूर्य, चंद्र, नक्षत्रं, देव, इंद्र, प्रजापती, ब्रह्मलोक. आणि ब्रह्मलोक कशात? तिथे याज्ञवल्क्य म्हणाला, "गार्गि, मातिप्राक्षीः, मा ते मूर्धा व्यपप्तत्." फार पुढचं विचारू नकोस, डोकं गळून पडेल.

ताई, तुम्ही जे म्हणालात ते अगदी हेच. तुम्ही देवाचा राग पुढे केलात, त्याने मस्तकाचं भय. गार्गी गप्प बसली.

पण बहुतेक जण गोष्ट इथे सोडतात. उपनिषदातलं एक ब्राह्मण, म्हणजे प्रकरण, सोडून पुढच्याच प्रसंगात ती पुन्हा उभी राहते. सभेची परवानगी घेते आणि म्हणते, काशीचा किंवा विदेहाचा वीर जसा धनुष्याला दोरी चढवून दोन बाण घेऊन उभा राहतो, तशी मी दोन प्रश्न घेऊन आले आहे. पहिला: द्युलोकाच्या वर, पृथ्वीच्या खाली, त्यांच्या मध्ये जे आहे, आणि जे झालं, आहे, होणार, ते कशात विणलेलं आहे? आकाशात. दुसरा: आकाश कशात? विणकाम तेच. फक्त या वेळी ती पायऱ्या चढली नाही, सगळी वीण एका मुठीत धरून विचारलं. आणि या वेळी याज्ञवल्क्याने तिला थांबवलं नाही. त्याने अक्षर सांगितलं, म्हणजे जे झिजत नाही ते. आणि त्याचं वर्णन केलं ते सगळं नकारात. स्थूल नाही, सूक्ष्म नाही, आखूड नाही, लांब नाही. ज्या प्रश्नाची तो भीती घालत होता, त्याच प्रश्नाला याज्ञवल्क्याला शेवटी सामोरं जावंच लागलं, कारण विचारणारी परत आली.

सायलोणी ताईंचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दही दही नसलेल्याला जाऊन मिळतं, कोंबडी कोंबडी नसलेल्याला, हातोडा गोट्याला. हे सगळे प्रश्न सुटतात कारण पाय ठेवायला शेजारी दुसरं काही असतं. गार्गी आणि तुमची लेक "सगळं" म्हणतात. सगळ्याच्या शेजारी काय असणार? म्हणून हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, आणि म्हणून त्याला दह्याचं उत्तर पुरत नाही.

---

तारांगण · दुपारी ४:३५

पंतोजी सर, साष्टांग नमस्कार. मी पुण्यात शाळांमध्ये आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो. महास्फोट सांगितला की तिसरा हात हमखास वर येतो: "सर, त्याच्या आधी?"

मी मुलांना जे माहीत आहे ते आधी सांगतो. विश्व प्रसरण पावतंय. मागे मोजत गेलं तर सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी सगळं अतिशय दाट आणि तप्त होतं. त्या उष्णतेचा थंडावलेला अंश आजही चहूबाजूंनी येतो, पेन्झिअस आणि विल्सन यांनी तो १९६४-६५ मध्ये पकडला. इथवर पुरावा भक्कम आहे. त्या दाट अवस्थेच्या अगदी मुळाशी गेलं की आपली समीकरणं चालेनाशी होतात. हॉकिंग म्हणत, आधी काय हे विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय हे विचारणं. पृथ्वीचा गोल हातात दिला की मुलांना हे चटकन कळतं. मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही. काळ तिथे खरंच संपतो की आपला नकाशा संपतो, हे अजून ठरलेलं नाही.

आणि मी त्यांना कोल्हापूरच्या मुलाची गोष्ट सांगतो. जयंत नारळीकर १९३८ साली तिथे जन्मले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली शिकले. महास्फोटाला "बिग बँग" हा शब्द हॉइल यांनीच १९४९ साली रेडिओवर वापरला, आणि ती कल्पना त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते विश्वाला आरंभच नाही, याला स्थिर विश्व म्हणतात. पार्श्वप्रारण, म्हणजे तो थंडावलेला अंश, सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत स्थिर विश्वाचं सुधारित रूप मांडलं. सगळं विश्व एका क्षणी निर्माण झालं आणि त्या क्षणाला भौतिकशास्त्राचे नियम लावायचे नाहीत, हे त्यांना पटत नव्हतं. पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही असं मीही मानतो. पण आरंभाबद्दल प्रश्न विचारायचं थांबायचं नाही, हे त्यांनी २०२५ मध्ये जाईपर्यंत केलं.

एक शेवटचं. इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी हाच प्रश्न घेतला होता: देव स्वर्ग आणि पृथ्वी करण्याआधी काय करत होता? ते लिहितात, एकाने याला उत्तर दिलं होतं की असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. आणि मग म्हणतात की मी तसं उत्तर देणार नाही. खोल प्रश्न विचारणाऱ्याची थट्टा करण्यापेक्षा, जे मला माहीत नाही ते माहीत नाही असं म्हणणं मला आवडेल. एवढं म्हणून ते पुढे काळावर पानंच्या पानं विचार करतात.

---

दीक्षाभूमी_परिसर · संध्याकाळी ६:००

नागपूरहून. बुद्धांनी हे प्रश्न अव्याकृत, म्हणजे उत्तर न देण्याचे, म्हणून बाजूला ठेवले, हे इथे यायला हवं. मालुंक्यपुत्त भिक्खू त्यांच्याकडे हट्ट धरून आला होता. जग शाश्वत आहे की नाही हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस म्हणाला, की बाण मारणाऱ्याचं नाव, गोत्र, धनुष्य कशाचं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो मरून जाईल.

मला यात आवडतं ते असं की ते मालुंक्यपुत्तावर रागावले नाहीत. भीती घातली नाही. मी हे का सांगत नाही, हे त्यांनी कारणासकट सांगितलं. मुलांशी असंच वागावं.

---

गाभारा · संध्याकाळी ६:४८

पंतोजी सर, नासदीय सूक्ताचं आपण बोललाच नाहीत. सकाळपासून तेच मनात घोळतंय. मी रोज पूजा करणारा माणूस आहे आणि ऋग्वेदातलं हे सूक्त माझ्या स्वयंभूला थेट भिडतं, ते मी टाळू शकत नाही.

---

जुना_पंतोजी · रात्री ८:२०

गाभारा, तुमच्याबद्दल आदर वाढला. दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, सात ऋचा. तेव्हा असत् नव्हतं, सत् ही नव्हतं, इथून सुरुवात. सहाव्या ऋचेत "अर्वाग्देवाः" येतं. देव या सृष्टीच्या अलीकडचे, मग ती कुठून झाली हे कोण जाणतो? आणि शेवट: जो परम आकाशात याचा अध्यक्ष आहे तो जाणत असेल, "यदि वा न वेद", किंवा तोही जाणत नसेल. सूक्त तिथेच संपतं. वर्गात मी यानंतर कधी काही बोललो नाही, तास संपेपर्यंत मुलं बसून राहायची.

---

माजघर · मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांना आबांचा गोटा फार आवडला.

रविवारी रात्री लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, परवा मी चुकीचं बोलले. देव रागावत नाही, मला उत्तर येत नव्हतं. ती म्हणाली, "मग कोणाला येतं?" मी गार्गीची गोष्ट सांगितली, दोन बाणांपर्यंत. तिने दोनच प्रश्न विचारले. गार्गी केवढी होती, आणि गाई शेवटी कुणाला मिळाल्या. मग आम्ही दोन वाट्या मांडल्या, एकीत नेहमीचं विरजण, एकीत दोन मिरच्या. तिने खडूने झाकणांवर द आणि मि लिहिलं. सकाळी सहाला माझ्याआधी उठून ओट्यापाशी उभी होती. द लागलं होतं. मि पातळच होतं. शाळेतून आली तेव्हा तेही लागलेलं होतं. चमचा तिरका करून ती किती वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे दही कुणाचं नाही."

आता तिला विचारायचंय की मिरचीच्या देठावर जिवाणू कुठून आले, आणि पहिला जिवाणू कुठून आला. ती यादी करतेय. देवाचा प्रश्न यादीत सगळ्यात वर आहे, त्याच्यापुढे तिने जागा मोकळी ठेवलीय.

सायलोणी ताई, मिरचीच्या दह्याला थोडी तार सुटतेय. उद्या त्यातलंच लावू ना?

---

सायलोणी · रात्री ९:५५

हो, त्यातलंच लावा, पण चमचा लहान घ्या आणि दूध थोडं अधिक कोमट असू द्या. गार दुधात तार जास्त सुटते. दोन-तीन वेळा लावलं की घट्ट होईल. आणि पहिल्या जिवाणूबद्दल तिला सांगा, की त्यावर आम्ही अजून काम करतोय. पेशीत प्रथिनं घडवायला डीएनएतली माहिती लागते आणि डीएनए घडवायला प्रथिनं. हीसुद्धा सांडशीचीच अडचण. १९८० च्या दशकात चेक आणि ऑल्टमन यांना असे आरएनए सापडले जे माहितीही वाहतात आणि कामही करतात, त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं. बहुधा तोच ओढ्यातला गोटा असावा. पण तो ओढ्यात कसा आला ते तिच्या यादीत राहू द्या.